अकुतानच्या चिखलातलं ‘झीरो’

प्रश्न : माझा नातू सातवीत आहे. वाढदिवसाला त्याला दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी ‘झीरो’ विमानाचं जोडायचं मॉडेल मिळालं आणि चार दिवस झाले, आमचं जेवणाचं टेबल त्याच्या ताब्यात आहे. ‘आजोबा, विमानाचं नाव शून्य कसं?’ असं त्याने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. त्यात परवा एका माहितीपटात ऐकलं, की असं एक झीरो अमेरिकेला चिखलात सापडलं, ते उलगडून अमेरिकेने त्याच्या तोडीस तोड विमान बनवलं आणि तिथून जपानचे दिवस फिरले. एका मोडक्या विमानाने महायुद्धाचं पारडं फिरतं, हे काही पटत नाही. खरं काय? आणि ते विमान आता कुठे आहे?

ता. क. : डब्यात चाकं दोन्ही प्रकारे लावायची सोय आहे, उघडी किंवा मिटलेली. नातवाचं अजून ठरत नाही.

— एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, नातवाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात सोपा आहे. तुमच्या प्रश्नाला वेळ लागेल. ताजा कलम मात्र शेवटी घेतो. ते सहज लिहिलं असेल तुम्ही, पण सगळ्या गोष्टीची कळ तिथेच आहे.

नाव शून्य कसं?

आपल्या पंचांगात शालिवाहन शक असतो, तशी जपानचीही स्वतःची कालगणना होती. जिम्मू हा पहिला सम्राट इसवी सनापूर्वी ६६० साली गादीवर बसला असं धरून तिथून वर्षं मोजत. त्या हिशेबाने १९४० हे वर्ष २६०० ठरतं. नवं विमान सेवेत आलं की त्या वर्षाचे शेवटचे आकडे त्याला नाव म्हणून चिकटवायचे, अशी जपानी नौदलाची रीत होती. २५९६ साली, म्हणजे १९३६ साली, आलेलं लढाऊ विमान ‘नमुना ९६’. २६०० साली आलं ते ‘नमुना शून्य’. जपानी वैमानिक त्याला ‘रेइसेन’ म्हणत. त्यातल्या ‘रेइ’चा अर्थ शून्य. अमेरिकी कागदपत्रांत त्याचं सांकेतिक नाव ‘झीक’ होतं, पण सैनिकांच्या तोंडी बसलं ते ‘झीरो’च. नातवाला सांगा, जपान्यांनी आपल्या शकाने मोजलं असतं तर १९४० म्हणजे शके १८६२, आणि विमानाचं नाव पडलं असतं ‘बासष्ट’.

वजनाचा हिशेब

आता विमान कसं होतं ते बघू. ते कळल्याशिवाय पुढची हकिगत कळणार नाही.

१९३७ साली जपानी नौदलाने कारखान्यांपुढे मागण्यांची यादी ठेवली. विमानाचा वेग ताशी पाचशे किलोमीटर हवा. जादा टाकी लावून ते सहा ते आठ तास हवेत राहायला हवं. वळण्यात ते कुणाला ऐकता कामा नये, अंगावर दोन तोफा हव्यात, आणि हे सगळं विमानवाहू जहाजाच्या आखूड डेकवरून उडायला हवं. इंजिन मात्र हजार अश्वशक्तीच्या आतबाहेरचं, कारण जपानकडे त्याहून ताकदवान आणि भरवशाचं तयार नव्हतं. नाकाजिमा कंपनीने यादी वाचून हात टेकले. मित्सुबिशीत चौतिशीतला एक अभियंता होता, जिरो होरिकोशी. त्याने काम पत्करलं.

ताकद वाढवता येत नसेल तर ओझं कमी करायचं, एवढाच मार्ग होता. होरिकोशीने जपानात नव्याने तयार झालेला, जास्त बळकट ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला. पंख आणि धड वेगळे करून जोडले की मध्ये जड बिजागऱ्या लागतात. त्याने पंख धडाच्या पुढच्या भागाशी एकसंधच बांधले. सांगाड्याच्या ज्या पट्टीत भोकं पाडता येतील तिथे पाडली. वैमानिकाची खुर्चीसुद्धा सोडली नाही. झीरोची खुर्ची बघितलीत तर आपल्या स्वयंपाकघरातली मोठी चाळणी आठवेल.

नागोयाच्या कारखान्याला लागून धावपट्टी नव्हती. त्यामुळे जगातल्या सगळ्यात आधुनिक लढाऊ विमानांपैकी एक असलेलं हे यंत्र सुटं करून बैलगाड्यांवर लादत आणि सुमारे ४८ किलोमीटरवरच्या कागामिगाहारा विमानतळावर नेत. रस्ते खराब होते. ट्रकच्या धक्क्यांनी विमान खिळखिळं झालं असतं. बैलांच्या चालीला ते सोसत होतं. १ एप्रिल १९३९ रोजी ते तिथून पहिल्यांदा उडालं.

पुढची तीन वर्षं त्याला जोड मिळाली नाही. सप्टेंबर १९४० मध्ये चीनच्या चुंगकिंगवर १३ झीरोंनी दुपटीहून जास्त चिनी विमानांशी झुंज घेतली आणि स्वतःचं एकही गमावलं नाही. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर झालं. ५ एप्रिल १९४२ रोजी कोलंबोवर ब्रिटिशांच्या हरिकेन विमानांना त्यांनी जेरीस आणलं. इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी झुंजलेलं हरिकेन इथे कमी पडत होतं, कारण झीरोशी घिरट्या घालत लढायला गेलं की दोन-तीन फेऱ्यांत ते तुमच्या पाठीशी येऊन बसायचं. भरल्या वजनाचं झीरो सुमारे २४०० किलोचं, तर त्याच्यासमोरचं अमेरिकी नौदलाचं वाइल्डकॅट साडेतीन हजार किलोंच्या वर. त्या हजारभर किलोंत काय होतं, हा खरा प्रश्न होता. वैमानिकाच्या पाठीमागचा चिलखती पत्रा त्यात होता, आणि गोळीचं भोक रबराच्या थराने आपोआप बुजवणारी इंधनटाकीही. झीरोत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. पण १९४२च्या उन्हाळ्यात समोरच्या वैमानिकाला हे सांगणार कोण? झीरो जवळून दिसायचं ते गोळ्या झाडताना.

४ जून १९४२

आपल्या गोष्टीतलं विमान म्हणजे मित्सुबिशीने फेब्रुवारी १९४२ मध्ये बांधलेलं क्रमांक ४५९३. शेपटीवर खूण डीआय-१०८. त्याचा मुक्काम ‘ऱ्यूजो’ या छोट्या विमानवाहू जहाजावर होता. हे जहाज आपल्याला अगदीच परकं नाही. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले, ते याच ऱ्यूजोवरून उडालेल्या बॉम्बफेकी विमानांनी टाकलेले. बंगालच्या उपसागरातलं काम आटोपून जहाज परतलं आणि दोन महिन्यांच्या आत उत्तर पॅसिफिकच्या धुक्यात शिरलं.

जपानचा मुख्य डाव मिडवे बेटावर होता. त्याच सुमारास अलास्काच्या शेपटासारख्या पसरलेल्या अल्युशियन बेटांवर दुसरा घाव घालायचा, असं ठरलं होतं. ३ आणि ४ जूनला ‘ऱ्यूजो’ आणि ‘जुन्यो’ या जहाजांवरच्या विमानांनी तिथल्या डच हार्बर या अमेरिकी तळावर हल्ले केले. ४ जूनच्या हल्ल्यात तीन झीरोंची एक तुकडी होती. पुढे माकोतो एंदो, त्याच्यामागे त्सुगुओ शिकादा आणि तादायोशी कोगा. कोगा १९ वर्षांचा होता. आपल्याकडे या वयाचा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतो.

तिघांनी आधी अमेरिकेचं एक कॅटालिना गस्ती विमान पाडलं. त्यातलं कुणी वाचलं नाही. मग तळावर गोळीबार करत ते खालून गेले. तिथे कुठेतरी एक लहान गोळी कोगाच्या विमानाला लागली. तोफेचा गोळा नव्हता, बंदुकीची साधी गोळी. तिने इंजिनाकडे तेल परत नेणारी नळी तोडली. तेल गळू लागलं. तेल संपलं की इंजिन घट्ट बसणार, आणि जहाजापर्यंत पोचणं अशक्य.

अशा वेळेसाठी सोय ठरलेली होती. डच हार्बरच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर अकुतान नावाचं ओसाड बेट आहे. विमान नादुरुस्त झालं तर तिथे उतरायचं आणि किनाऱ्याजवळ थांबलेल्या पाणबुडीने वैमानिकाला उचलायचं. कोगा तिकडे वळला. दोघे सोबती बरोबर होते. समुद्रापासून थोडं आत हिरव्या गवताची सपाट पट्टी दिसली. वरून बघताना ती छान मैदानासारखी होती. कोगाने चाकं बाहेर काढली आणि उतरायला घेतलं.

आषाढात भाताचं खाचर दुरून बघितलंय ना तुम्ही? वर हिरवंगार, आणि पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. अकुतानचं गवत तसं होतं. चाकं चिखलात रुतली, वेग तसाच होता, आणि विमानाने पुढच्या पुढे कोलांटी खाल्ली. ते पालथं पडलं. विमान जवळजवळ धड राहिलं, पण आतला मुलगा मान मोडून जागच्या जागी गेला.

वर घिरट्या घालणाऱ्या दोघांना हे कळायला मार्ग नव्हता. त्यांना स्पष्ट हुकूम होता, की शत्रूच्या हद्दीत पडलेलं झीरो गोळ्या घालून जाळून टाकायचं. पण कोगा आत जिवंत असला तर? आपल्या सोबत्यावर आपल्याच हाताने तोफ चालवायची? त्यांचा हात धजला नाही. ते परत गेले. पाणबुडीने शोध घेतला. कोगा सापडला नाही. शिकादा युद्धातून वाचला आणि त्याच्याकडूनच या शेवटच्या मिनिटांची हकिगत जगाला कळली.

छत्तीस दिवस

जूनभर विमान तिथेच पालथं पडून होतं. अल्युशियनमध्ये धुकं इतकं दाट असतं, की शेजारून विमानं जात असली तरी खाली काय आहे ते दिसत नाही. १० जुलैला अमेरिकी नौदलाचा लेफ्टनंट विल्यम थीस कॅटालिना विमान घेऊन लांबच्या गस्तीवरून परतत होता. धुक्यात वाट चुकल्यावर ओळखीची बेटं दिसली तशी त्याने तळाकडे सरळ रेष धरली. ती अकुतानवरून जात होती. विमानातल्या अल्बर्ट नॅक नावाच्या तंत्रज्ञाला खाली पंखांवरचे लाल गोळे दिसले.

दुसऱ्या दिवशी थीस माणसं घेऊन तिथे गेला. गुडघाभर चिखलातून ते विमानापाशी पोचले. कोगाचा मृतदेह बाहेर काढून जवळच पुरला. विमान हलवायला मात्र तीन खेपा कराव्या लागल्या. पहिल्या दोनदा पुरेसं सामान नव्हतं. शेवटी बुलडोझर आणून त्याला चिखलातून ओढून काढलं, बोटीवर चढवलं, डच हार्बरला नेऊन सुलटं केलं, धुतलं आणि जहाजाने सिएटलकडे पाठवलं. तिथून ते कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या नौदल तळावर आलं. हँगरात उंच कुंपण घालून पहारा बसवला.

नुकसान होतं, पण दुरुस्त होण्याजोगं. शेपटीचा उभा पंख, सुकाणू, पंखांची टोकं, कॉकपिटवरचं काचेचं छत चेपलं होतं. पुढचा तीन पात्यांचा पंखा ठोकून सरळ करून पुन्हा वापरता आला. तो अमेरिकेच्याच हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीच्या परवान्यावर जपानात बनवलेला होता! लाल गोळे पुसून त्यावर अमेरिकी तारा रंगवला. २० सप्टेंबर १९४२ रोजी लेफ्टनंट कमांडर एडी सँडर्सने ते आकाशात नेलं.

एव्हाना ‘ऱ्यूजो’ नव्हतं. २४ ऑगस्टला सॉलोमन बेटांजवळच्या लढाईत ते बुडालं होतं.

विमानाने काय सांगितलं?

सँडर्सने १५ ऑक्टोबरपर्यंत २४ उड्डाणं केली. लहान वळण, झपाट्याची चढण, लांब पल्ला ही झीरोची कीर्ती खरी निघाली. पण पहिल्या काही उड्डाणांतच दोन उणिवाही सापडल्या. या दोन्ही समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

पहिली पंखांची. धावत्या एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये हे पाटीवर लिहिलेलं असतं, आणि लहानपणी आपण सगळ्यांनी तो काढलेला असतो. गाडी गावातून हळू जाताना तळहात हवा तसा फिरवता येतो. हायवेला लागली की वारा हात दाबून धरतो. विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला एलरॉन नावाच्या झडपा असतात. त्या वर-खाली करून विमान कुशीवर वळवतात. झीरोच्या या झडपा मोठ्या होत्या. म्हणून कमी वेगात विमान बोटाच्या इशाऱ्यावर कूस पालटायचं. पण ताशी ३७० किलोमीटरच्या, म्हणजे २०० नॉटच्या, पुढे गेलं की वाऱ्याचा दाब एवढा वाढायचा की दांडी दगडासारखी घट्ट. त्यातही डावीकडे कूस पालटणं त्यातल्या त्यात सोपं, उजवीकडे फार जड.

दुसरी उणीव इंजिनाची. माझ्या वडिलांकडे एक जुनी स्कूटर होती. हिवाळ्यात सकाळी किक मारून मारून माणूस घामाघूम व्हायचा, आणि ती ढिम्म. मग वडील तिला अंगावर घेऊन तिरकी करायचे, मनात पाच आकडे मोजायचे, उभी करायचे आणि किक. फुर्र! कार्ब्युरेटर नावाच्या त्या छोट्या भांड्यात पेट्रोल कुठे जाईल, हे वजनाच्या ओढीवर ठरतं, हा धडा मी तिथे शिकलो. झीरोच्या कार्ब्युरेटरमध्ये एक तरंगता गोळा होता. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक असतो ना, तसाच. भांडं भरलं की तो वर येऊन इंधन बंद करतो. विमान सरळ असताना, वळताना, कोलांटी मारतानासुद्धा हे ठीक चालतं, कारण इंधन भांड्याच्या तळाशी दाबलेलं राहतं. पण वैमानिकाने दांडी एकदम पुढे ढकलून विमानाचं नाक खाली पाडलं, की पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो तसं आतलं सगळं तरंगतं. इंधन भांड्याच्या वरच्या बाजूला जातं, तळाच्या नळीत हवा शिरते आणि इंजिन खोकून बंद पडतं.

ब्रिटिशांना हे दुखणं ठाऊक होतं. त्यांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांची इंजिनं अशीच खोकायची, आणि जर्मन विमानं नेमकं नाक पाडून निसटायची. बीट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी १९४१ साली इंधनाच्या वाटेत मोजून भोक पाडलेला वॉशरसारखा एक छोटा तुकडा बसवून तो त्रास बराच कमी केला. चाचणीतल्या झीरोत मात्र असला काही उपाय नव्हता.

दोन्ही उणिवा एकत्र करून वैमानिकांना द्यायला एक कानमंत्र तयार झाला. झीरोशी गोल गोल फिरत लढू नका. ते पाठीशी लागलं तर दांडी पुढे ढकलून सूर मारा. त्याचं इंजिन क्षणभर दम खाईल. वेग वाढू द्या, आणि मग उजवीकडे कूस पालटून निघून जा. त्याला तसं वळता येणार नाही. अमेरिकी मरीन दलाच्या केनेथ वॉल्शने पुढे २१ जपानी विमानं पाडली, त्यातली बहुतेक झीरो. आपण ही युक्ती वापरली, असं त्याने नंतर सांगितलं आहे.

मग माहितीपट खरा की खोटा?

थोडा खरा, बराच फुगवलेला. तुमची शंका योग्य आहे, गुरुजी.

आधी ‘तोडीस तोड विमान’. माहितीपटाचा रोख ग्रमनच्या हेलकॅटवर असणार. १९४३ पासून झीरोला खरोखर भारी पडलं ते हेच. पण तारखा लावून बघा. हेलकॅटच्या नमुन्याची मागणी नौदलाने नोंदवली जून १९४१ मध्ये, पर्ल हार्बरच्याही आधी. त्याचं पहिलं उड्डाण झालं २६ जून १९४२ रोजी. अल्बर्ट नॅकला अकुतानवरचे लाल गोळे दिसले त्यानंतर दोन आठवड्यांनी. उडून झालेलं विमान अजून न सापडलेल्या विमानाची नक्कल कसं असेल?

दुसरं, झीरोशी लढायचं कसं हे अमेरिकी वैमानिक आपल्या परीने शिकत होतेच. जॉन थॅच या नौदलाच्या अधिकाऱ्याने दोन विमानांनी एकमेकांच्या पुढून आडवं जात, फुगडीतल्या जोडीदारांसारखं एकमेकांना सांभाळत लढायची पद्धत १९४१ सालीच बसवली होती. म्हणे आगपेटीच्या काड्या टेबलावर मांडून! मिडवेच्या लढाईत त्याने ती वापरली, ४ जून १९४२ रोजी. कोगा पडला तो दिवस.

तिसरं, अकुतानचं झीरो शत्रूच्या हाती लागलेलं पहिलंही नव्हतं. चीनमध्ये १९४१ साली एक सापडलं होतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डार्विनवर हल्ला करून परतणारं एक मेलव्हिल बेटावर उतरलं. त्याच्या वैमानिकाला तिवी जमातीच्या मथायस उलुंगुरा या तरुणाने पकडलं. मात्र अमेरिकी वैमानिकाला स्वतः बसून, उडवून, अमेरिकी विमानांशी जोड लावून बघता आलं ते पहिलं झीरो अकुतानचं.

आणि चौथं, पारडं फिरवणाऱ्या गोष्टी फार मोठ्या होत्या. मिडवेला जपानची चार मोठी विमानवाहू जहाजं बुडाली. त्यानंतर सॉलोमन बेटांवर कसलेले वैमानिक महिन्यामागून महिना खर्ची पडले. तेवढ्या वेगाने नवे तयार होईनात. युद्धकाळात जपानने सुमारे ७६ हजार विमानं बांधली, अमेरिकेने तीन लाखांच्या आसपास. या आकड्यांपुढे एक विमान किती पुरणार?

तरीही कोगाच्या विमानाला ‘किरकोळ’ म्हणायला मी तयार नाही. डच हार्बरवरच्या हल्ल्याच्या वेळी मासाताके ओकुमिया हा जपानी अधिकारी ‘ऱ्यूजो’वरच होता. पुढे होरिकोशीबरोबर त्याने झीरोवर पुस्तक लिहिलं. हे विमान शत्रूच्या हाती लागणं जपानला फार महागात पडलं, असंच त्याचं मत होतं. विमान कसं बांधायचं हे अमेरिकेला त्यातून शिकायचं नव्हतं. पण ज्या विमानाबद्दल ‘ते काहीही करू शकतं’ अशी दहशत होती, त्याला काय जमत नाही याची यादी हातात आली. शाळेत तुम्ही पाहिलं असेल, गणिताच्या पेपरला मुलं घाबरतात ती पेपर अवघड असतो म्हणून कमी, काय येणार ते माहीत नसतं म्हणून जास्त.

उणिवा आल्या होत्या त्याच १९३७ च्या यादीतून. हलक्या हाताने झर्रकन वळायचं म्हणून मोठे एलरॉन. लांब जायचं म्हणून चिलखत नाही. वजन वाचवायचं म्हणून टाकीला रबर नाही. डच हार्बरला लागलेली ती एक गोळी कदाचित वाइल्डकॅटलाही भारी पडली असती. तेलनळी तुटली की कुणाचंच इंजिन चालत नाही. पण त्यानंतरच्या तीन वर्षांत हजारो झीरो पेटले ते मात्र असल्याच छोट्या गोळ्यांनी, आणि त्यांच्याबरोबर जपानकडे आधीच कमी पडत असलेले वैमानिक गेले. होरिकोशीला हा सौदा माहीत होता. मागणीच तशी होती.

ते विमान आता कुठे आहे?

जवळजवळ कुठेच नाही.

चाचण्यांनंतर ते अमेरिकी नौदलाच्या कामी येत राहिलं. पॅसिफिकला निघालेल्या वैमानिकांना शत्रूचं विमान प्रत्यक्ष दाखवायला त्याचा उपयोग होई. फेब्रुवारी १९४५ मध्ये सॅन डिएगोच्या तळावर कमांडर रिचर्ड क्रॉमेलिन त्याला जमिनीवरून धावपट्टीकडे नेत होता. मागून येणाऱ्या हेलडायव्हर विमानाचा ताबा सुटला, ते झीरोवर चढलं आणि त्याच्या फिरत्या पंख्याने झीरोचे काकडीसारखे काप केले. क्रॉमेलिन वाचला. जे विमान शत्रूच्या तोफांतून, चिखलातून आणि कोलांटीतून जवळपास धड आलं, ते संपलं पार्किंगमध्ये ठोकर बसावी तसं.

ढिगातून विल्यम लिओनार्ड नावाच्या अधिकाऱ्याने कॉकपिटमधली काही छोटी उपकरणं उचलून ठेवली. पुढे ती त्याने वॉशिंग्टनच्या नौदल संग्रहालयाला दिली. एका विमानाचे दोन-चार काटे आणि तबकड्या, जवळजवळ एवढंच उरलं. अल्युशियन बेटांवर मेलेल्या जपान्यांचे अवशेष युद्धानंतर मायदेशी नेण्यात आले.

आणि चाकं

आता ताजा कलम. मऊ किंवा अनोळखी जमिनीवर उतरावं लागलं तर वैमानिकाने चाकं मिटलेलीच ठेवायची आणि विमान पोटावर घसरत थांबवायचं. पंखा वाकतो, पोट खरवडतं, पण कोलांटी बसत नाही. कोगाला वरून जमीन टणक वाटली, म्हणून त्याने चाकं काढली. विमान जपावं, हाही विचार असेल. ती मिटलेली ठेवली असती, तर बहुधा तो कॉकपिटमधून स्वतःच्या पायांनी बाहेर आला असता. मग त्याने पहिलं काम हुकुमाचं केलं असतं, विमानाला आग लावायचं. थीसच्या माणसांना चिखलात राख आणि वितळलेलं ॲल्युमिनियम सापडलं असतं. सँडर्सची २४ उड्डाणं झाली नसती, आणि तुमच्या माहितीपटाला विषय मिळाला नसता.

त्यामुळे चाकं कशी लावायची हे नातवाला ठरवू द्या. गोंद वाळेपर्यंत ही गोष्ट सांगायला तुम्हाला पुरेसा वेळ मिळेल.